निळे फूल काढा

तीर्थस्वरूप आत्यास,

इथे साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण गेल्या आठवड्यापासून माझी कंबर धरली आहे आणि आठांपैकी निदान तीन अंगं जमिनीला टेकणं सध्या शक्य नाही. जे करता येत नाही ते केलं असं कागदावर लिहायचं म्हणजे खोटंच झालं, आणि खोट्याची सुरुवात तुझ्यापासून नको. तेव्हा खुर्चीत बसून, मान वाकेल तितकी वाकवून नमस्कार. उरलेली अंगं भेटीत पुरी करीन.

तुझा गुडघा कसा आहे? मलम लावतेस की नुसतं उशाशी ठेवतेस? झोप लागते का? तुझ्या डोक्यावरच्या मजल्यावरचे भाडेकरू अजून भल्या पहाटे पलंग सरकवतात का, आणि सरकवून सरकवून तो शेवटी नेतात कुठे, याचा काही उलगडा झाला का? आमच्याकडे सगळे बरे आहेत. मुलीची परीक्षा संपली, नवऱ्याचा खोकला संपत आला आहे, आणि तू गेल्यापासून घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटतं. (मुलगी म्हणते ते तुझ्या तीन बॅगा गेल्यामुळे. मी भावनेबद्दल बोलते आहे.)

एवढं सगळं फोनवर का नाही सांगितलं, असं तू विचारशील. फोनवर समोरच्याने "बरं, मग?" म्हटलं की मला वाटतं आपण त्याचा वेळ खातोय, आणि मी मधलं सगळं सोडून शेवटाकडे पळते. ही गोष्ट शेवटाकडे पळण्यासारखी नाही. शिवाय तू निघालीस त्या शनिवारी उद्यानात जे झालं ते तुला कुणाकडून तरी तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून अळणी कळलेलं बरं.

आधी माझं काम काय ते सांगते, कारण तू आमच्याकडे दहा दिवस राहिलीस पण ते तुझ्या नीट लक्षात आलं आहे असं मला वाटत नाही. तू ओळखीपाळखीच्यांना "आमची भाची बागेत असते" असं सांगतेस. आत्या, "बागेत असते" म्हटलं की ऐकणाऱ्याला मी दिवसभर घसरगुंडीवर असते असं वाटतं. आमचं राष्ट्रीय उद्यान प्राधिकरण देशातली रानं, तळी, दलदली आणि त्यांत राहणारं जे जे काही आहे ते सांभाळतं. सांभाळतं म्हणजे मुख्यतः मोजतं. पक्षी मोजतं, बेडकांचे आवाज मोजतं, काय नव्याने उगवलं आणि काय दिसेनासं झालं याची नोंद ठेवतं. आणि मग माणसांनी आत येऊन काय करावं आणि काय करू नये, ते ठरवतं. ठरलेलं माणसांच्या भाषेत लिहून खांबावर लावायचं काम आमच्या उद्यानात माझं. फलक व सूचना विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक शिडी. माझ्यावर आमचे साहेब, म्हणजे उद्यानाचे अधीक्षक. सज्जन माणूस, पण त्यांच्या वाक्यात कर्ता कधीच नसतो. "पाहिलं जाईल", "ठरवलं गेलं आहे", "चहा घेतला जावा". त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काम करून, एखादी गोष्ट खरोखर कुणी केली हे सांगायचा प्रसंग आला की मी गडबडून जाते. या पत्रात तो प्रसंग वारंवार येणार आहे.

तर तळ्याच्या पश्चिम काठाला एक ओली जागा आहे, आपल्या हॉलच्या दोन-तीनपट असेल. तू रोज तिच्यावरून फिरायला जात होतीस आणि "इथे चपला भरतात" अशी तुझी तिच्याबद्दल तक्रार होती. त्या चपला भरणाऱ्या चिखलात एक बोटभर उंचीचं निळं फूल येतं, जे या बाजूला दुसरीकडे कुठेही येत नाही. त्याचं शास्त्रीय नाव असं लांबलचक आहे की ते लिहिलं तर फलकाच्या सावलीने झाडच मरेल, म्हणून आम्ही त्याला नुसतं निळी म्हणतो. मुख्यालयातले वनस्पतीतज्ज्ञ मागच्या फेरीला आले तेव्हा त्यांनी मला त्या चिखलात पोटावर झोपवून भिंगातून दाखवलं होतं. संध्याकाळ झाली की निळीच्या पाकळ्या मिटतात, आणि तिळाएवढी एक मधमाशी आतच झोपून जाते. सकाळी पाकळ्या उघडल्या की बाहेर येते, अंग झटकते आणि कामाला लागते. मी रोजनिशीत लिहिलं होतं की इतकी नीटनेटकी राहायची सोय मी कुठल्याही सरकारी निवासस्थानात पाहिलेली नाही.

आता त्या ओल्या जागेचं भवितव्य असं, की ती संरक्षित राहायची तर दर काही वर्षांनी फेरतपासणी होते. तज्ज्ञ येतात, निळी फुललेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात आणि सही करतात. फुललेलीच पाहावी लागते, कारण फूल नसलं तर निळीची पानं एका अगदी सामान्य गवतासारखी दिसतात आणि त्या गवतावर कुणी सही करत नाही. सही नाही झाली तर जागा सुविधा विभागाकडे जाते. सुविधा विभाग म्हणजेही आमचंच प्राधिकरण. एका मजल्यावर, एकाच प्रिंटरला जोडलेले दोन विभाग आहेत. एक दलदल वाचवतो, दुसऱ्याला ती बुजवून गाड्या उभ्या करायला जागा करायची आहे. दोघांचेही अहवाल एकाच ट्रेमध्ये पडतात आणि कधीकधी एकमेकांत मिसळतात. सुविधा विभागाने तर दोन महिन्यांपूर्वीच येऊन काठाला खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत, नुसता अंदाज म्हणून. फेरतपासणी येत्या गुरुवारी आहे. हे सगळं तू लक्षात ठेव, कारण मी ते गेले कित्येक दिवस डोक्यातून काढू शकलेली नाही.

दुसरीकडे, तळ्याच्या पूर्व काठाला गुलाबी फुलांची एक परदेशी वेल पसरली आहे. कुणीतरी शोभेसाठी आणली, तिला हवा मानवली, आणि आता ती बाकी कुणालाच ऊन मिळू देत नाही. तिला आमच्याकडे पाहुणी म्हणतात, कारण आली ती परत गेलीच नाही. (तुझ्याबद्दल नाही, आत्या. तू परत गेलीस. आणि आम्हाला वाईट वाटलं.) पाहुणीला हटवायचं काम दर शनिवारी सकाळी फिरायला येणारी निवृत्त मंडळी करतात. त्यांचे पुढारी कॅप्टन. ते सैन्यात कधीच नव्हते, बँकेच्या कॅरम संघाचे कप्तान होते, पण पदवी टिकली. मंडळींचं पाठांतर पक्कं आहे: वेल धरायची, मुळापर्यंत जायचं, काळ्या पिशवीत भरायची, पिशवी बांधून भट्टीकडे पाठवायची. तू त्यांच्याबरोबर फिरायचीस, तेव्हा त्यांचा उत्साह मी वेगळा सांगायला नको.

याच वेळी मुख्यालयातून दोन गोष्टी आल्या. पहिली, निळीविषयी लोकांत आपुलकी वाढावी म्हणून चित्रस्पर्धा घ्या. गावातल्या चित्रकलेच्या बाईंचा प्रौढांचा वर्ग आहे, त्यांना बोलवायचं मी ठरवलं. दुसरी गोष्ट एक परिपत्रक होतं. आपल्या सूचना लोकांना कळत नाहीत असं एका पाहणीत आढळल्यामुळे यापुढे प्रत्येक सूचना चौथीतल्या मुलाला समजेल अशा शब्दांत असावी, असं त्यात होतं. (हे परिपत्रक मला तीनदा वाचावं लागलं.) मी दोन फलक आधीच लिहून ठेवले होते. एकावर होतं, "गुलाबी वेलीचे निर्मूलन करावे". दुसऱ्यावर, "निळ्या फुलाचे रेखाटन करावे". खरं सांगते, छान होते. पण मी मुलीला विचारलं, चौथीतल्या मुलाला निर्मूलन कळेल का, तर ती म्हणाली मलाही कळत नाही. रेखाटनाचंही तेच. मग मी टेबलाशी बसून, डोकं शांत ठेवून, प्रत्येक फलकासाठी रोजच्या वापरातला, सोपा, नेमका शब्द शोधला. आणि तो मला दोन्ही वेळा सापडला.

पूर्व काठासाठी: "गुलाबी वेल काढा. मुळापर्यंत जा. एकही फांदी सोडू नका."

पश्चिम काठासाठी: "निळे फूल काढा. साहित्य घरून आणा. सर्वांत सुंदर काढणाऱ्यास बक्षीस."

दोन्ही मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. एक चहाच्या वेळी, एक जेवताना. दोन्ही त्याला लगेच समजले. साहेबांनी वाचून "मान्य केलं गेलं आहे" असं सांगितलं. मी शिडीवर चढून दोन्ही फलक फाटकावर शेजारी शेजारी लावले, आणि उतरल्यावर लांब उभी राहून पाहिले तेव्हा एका ओळीत आल्याचं समाधानही मला झालं. आत्या, मी भाषा विषय घेऊन पदवीधर झालेली बाई आहे. एकाच शब्दाची दोन कामं, तीही एकमेकांच्या उरावर बसणारी, शेजारी शेजारी टांगली होती, आणि मी ती सरळ रेषेत आहेत का एवढंच पाहत होते.

शनिवारी मी बक्षिसाची रंगपेटी घेऊन पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. (तू तोवर घरी येऊन बॅगा भरत होतीस, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही असं मी धरून चालते.) पश्चिम काठावर फिरायची मंडळी रांगेत उभी होती. कुणाच्या हातात जेवायची थाळी, कुणाच्या हातात उलटी टोपी, एकीच्या हातात चष्म्याचं घर, आणि प्रत्येकात ओल्या मातीच्या गोळ्यासकट एकेक निळी. मागे ती जागा नुसती काळी, खड्ड्याखड्ड्यांची, शिक्षकांनी पाटी पुसावी तशी.

कॅप्टन पुढे आले. "मॅडम, परीक्षण जरा आटपा. फुलं माना टाकायला लागलीत."

मी विचारलं, हे तुम्ही काय केलंत?

"काढलं," ते म्हणाले. "आणि माझं सगळ्यांत स्वच्छ निघालंय. मुळं बघा. एक तंतू तुटलेला नाही."

मागून एक काकू म्हणाल्या, "त्यांच्याकडे खुरपं होतं. मी चमच्याने काढलंय. चमच्याला जास्त गुण हवेत."

मला रडू आलं असं नंतर लोक सांगतात. मला तेवढं आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की मी रंगपेटी पोटाशी धरून "चित्र, चित्र" असं म्हणत होते, आणि कॅप्टन बाजूच्यांना सांगत होते की मॅडमना चक्कर येतेय, सावलीत न्या. मग त्यांना कळलं. आधी कॅप्टनना, मग रांगेत एकेकाला, वारा गवतातून जावा तसं. हातातली थाळी कुठे लपवावी हे कुणालाच कळेना. तेवढ्यात मंडळींतले गात्या गळ्याचे जे आजोबा आहेत, गेला महिनाभर ज्यांचा खोकला जात नाहीये, ते कपाळावर आठ्या घालून पुढे आले. त्यांच्या हातात कप होता आणि खिशात साखरेची पुडी. ते म्हणाले, मघापासून थांबलोय, तो निळ्या फुलाचा काढा वाटणार कधी? फलकावर "साहित्य घरून आणा" होतं, म्हणून त्यांनी साहित्य आणलं होतं. आत्या, त्या अख्ख्या सकाळी ज्याच्या हातून काहीच नुकसान झालं नाही असा तो एकमेव माणूस.

मला वाटलं, निदान पूर्व काठावर तरी कुणी नसेल. गेले. पश्चिम काठाला गर्दी दिसली म्हणून चित्रकलेचा वर्ग दुसरा फलक प्रमाण मानून इथे आला होता, आणि गवतावर बसून पाहुणीचं चित्र काढत होता. मुळापर्यंत जायला सांगितलं होतं म्हणून बाईंनी एका वेलीची मुळं हलक्या हाताने उकरून मोकळी केली होती, सगळ्यांना दिसावीत म्हणून. चित्र झाल्यावर ती परत मातीत नीट पुरून, वर पाणीही घातलं. बाई म्हणाल्या, "एकही फांदी सोडू नका असं लिहिलंत खरं, पण ही संपतच नाही हो. आमचे कागद संपले." चित्रं अप्रतिम होती. (ती साहेबांनी मुख्यालयाला पाठवली. परदेशी वेलींचं इतकं बारकाईचं चित्रण देशात कुठल्याच उद्यानाने केलेलं नाही म्हणून तिकडून अभिनंदनाचं पत्र आलं आहे. त्यात "केलं गेलेलं" असा शब्द असल्याने साहेबांना ते फार आवडलं.)

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. पाहुणी उपटतात तशी मंडळींनी निळी उपटली असती, तर त्याच दिवशी गोष्ट संपली असती. पण सुंदर काढणाऱ्याला बक्षीस होतं. म्हणून प्रत्येकाने मुळं न दुखवता, भोवतालचा चिखल धरून, जीव लावून काढली होती. तेव्हा तिथल्या तिथे आम्ही ती परत लावली. ज्याने जी काढली ती त्यानेच लावायची असं ठरलं, आणि मंडळी गुडघ्यांवर बसून, एकमेकांचं काही न ऐकता, आपापला खड्डा शोधत होती. माझी कंबर धरली ती तेव्हाच. शेवटी मी मोजणी केली. आमच्या मागच्या मोजणीपेक्षा एक झाड कमी भरलं. पुन्हा मोजली, कॅप्टनकडूनही मोजून घेतली. एक खड्डा रिकामा राहिला.

सोमवारपर्यंत सगळ्या निळींनी तग धरला होता, पण फुलं मात्र एकूण एक गळून गेली होती. हलवलेलं झाड हंगामाचं फूल टाकतं आणि नुसतं जगायच्या मागे लागतं, असं म्हणतात. मी पाहिलं तर तो काठ म्हणजे निव्वळ त्या सामान्य गवताचा तुकडा दिसत होता. त्यावर तज्ज्ञ सही कशी करणार? आणि खरं सांगू, सहीचं दुःख मला नंतर झालं. आधी दिसली ती मधमाशी. निळ्या फुलाच्या फलकावर अक्षरं मी निळ्या रंगाने लिहिली होती. संध्याकाळी ती तिळाएवढी मधमाशी "फूल" या शब्दाच्या ऊकारात शिरायचा प्रयत्न करत होती. मग तिथून पुढच्या अक्षरावर. मी फलक उतरवायला गेले होते, पण शिडीवर तशीच थांबले. माझ्या अक्षरांना कुणीतरी इतकं खरं समजावं, आणि त्यात झोपायला जागा नसावी, याची मला फार लाज वाटली.

यानंतर मी मुख्यालयाला लेखी खुलासा पाठवायचं ठरवलं. साहेब म्हणाले, "लिहिलं जाणं आवश्यक आहे का?" मी म्हटलं, हो, आणि कर्त्यासकट. पण कर्ता कोण हेच ठरेना. पहिल्या खुलाशात मी परिपत्रकाला दोष दिला. वाचून पाहिलं तर तो रडका वाटला. दुसऱ्यात सगळा दोष स्वतःवर घेतला. तो वाचून मलाच माझं कौतुक वाटायला लागलं, म्हणून फाडला. तिसऱ्यात शब्दाचे सगळे अर्थ क्रमाने मांडले, तेव्हा नवरा डोकावून म्हणाला, तू खुलासा लिहितेस की शब्दकोश. शेवटी चौथा पाठवला, चार ओळींचा: मी लिहिलं, लोकांनी वाचलं, त्यांनी बरोबरच वाचलं, फुलं गेली. तो वाचून तज्ज्ञांनी स्वतः फोन केला. मला वाटलं आता कानउघाडणी. पलीकडून आधी नुसता घशातला कसलासा आवाज आला (ते हसत होते की काय अशी मला शंका आहे, पण पुरावा नाही). मग त्यांनी विचारलं, मुळं शाबूत आहेत ना? आहेत. मग पुढच्या हंगामात फुलतील, ते म्हणाले. पण सही याच गुरुवारची आहे, आणि त्या जागेत, त्या मातीत, एक तरी निळी फुललेली दिसल्याशिवाय मला सही करता येणार नाही. एक पुरे. मी म्हटलं, एकही नाही. ते म्हणाले, तुमच्या मोजणीच्या नोंदीत एक झाड कमी भरलंय. ते कुणी मातीच्या गोळ्यासकट अलगद नेलं असेल आणि पुन्हा हलवलं नसेल, तर कदाचित ते अजून फुललेलं असेल. शोधा.

मी मंडळींना एकेकाला गाठून विचारलं. राष्ट्रीय प्राधिकरणाचं संरक्षित झाड घरी ठेवणं हा गुन्हा आहे हे सांगायचं, आणि त्याच दमात घाबरू नका असंही सांगायचं, हे मला नीटसं साधलं नाही. सगळ्यांनी शपथा घेतल्या. कॅप्टननी तर मंडळींना एका रांगेत उभं करून खिसे उलटे करायला लावले, खिशात फूल कसं राहील हा विचार न करता. आता ते रोज पहाटे त्या जागेवर पहारा देतात. परवा चित्रकलेच्या बाई नुसत्या पेन्सिल घेऊन जवळून गेल्या, तर त्यांना त्यांनी वीस पावलं लांबून जायला लावलं. सुविधा विभागाचा माणूस येऊन खुंट्या अजून घट्ट ठोकून गेला. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "आशा सोडली जावी." आणि मग, पहिल्यांदाच, कर्ता घालून, "मला वाईट वाटतं," असं म्हणाले. तेव्हा मला कळलं की प्रकरण खरंच हाताबाहेर गेलं आहे.

असो. तुला उगाच इतकं वाचायला लावलं. प्रकृतीला जप, जिना चढउतार कमी कर, आणि वरच्या भाडेकरूंना पलंगाच्या पायांना लावायला रबरी टोप्या भेट दे. सगळ्यांचा तुला नमस्कार, आणि माझा जेवढा वाकता येतो तेवढा.

तुझी,
बागेत असणारी भाची

ता. क. कुटुंबाच्या ग्रुपवर तू काल नव्या चष्म्यातला फोटो टाकलास तो पाहिला. चष्मा तुला शोभतो. मी मात्र तुझ्या मागे, खिडकीत, नळाजवळ ठेवलेल्या डब्याकडे फार वेळ पाहत होते. तो आमचा डबा आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही, तुझाच समज. पण त्यात दोन निळी फुलं आणि एक कळी आहे. मी फोटो मोठा करून पाहिला, नवऱ्याला दाखवला, मग भिंग घेऊन फोनवर धरलं. आत्या, मी तुझ्यावर आरोप करत नाही. तू त्या सकाळी जुन्या चष्म्याने फलक वाचलास, सगळ्यांनी काढलं म्हणून तूही काढलंस, आणि मी यायच्या आत बसची वेळ झाली म्हणून स्पर्धेचा निकाल न कळताच घेऊन गेलीस, असंच झालं असणार. दुसरं काही झालं असेल तर ते मला सांगू नकोस. मी अधिकारी आहे आणि मला ते लिहावं लागेल. वर गुडघ्याची, झोपेची आणि पलंगाची चौकशी केली आहे ती मनापासूनच आहे, पण पत्र खरं याच ओळीसाठी लिहायला घेतलं. हे फोनवर विचारलं असतं तर तुला ऐकू आलं नसतं. तुला नेमकं केव्हा ऐकू येत नाही हे मला चांगलं माहीत आहे.

ता. क. दुसरा. झाड डब्यातून हलवू नकोस. कुंडीत लावू नकोस, पानं पुसू नकोस, खत म्हणून काही घालू नकोस, शेजारणीला वास घ्यायला देऊ नकोस. आहे तसं, त्याच चिखलात राहू दे. ही फसवणूक ठरते का, असा प्रश्न मी स्वतःला विचारला. मग ठरवलं की नाही. जे आमच्याच चिखलातून गेलं ते आमच्याच चिखलासकट घरी येतंय. तरीही मी तज्ज्ञांना फोन करून खरं ते सांगितलं, की झाड बाहेरगावी नातेवाइकांकडे गेलं आहे. ते म्हणाले, "बरं, परत कधी येतंय?" जणू सुट्टीला गेलंय. खड्ड्याशेजारी कॅप्टन उभे असतील, ते तुला रागावणार नाहीत. रागावले तर त्यांच्या थाळीत काय होतं ते त्यांना विचार.

ता. क. शेवटचा. सोबत बुधवारच्या सकाळच्या बसची तिकिटं काढून पाठवली आहेत. दोन आहेत, म्हणून गोंधळू नकोस. बरोबर कुणाला आणायचं नाही. खिडकीजवळची जागा तुझी नाही.